बिनताळ्याची मेमरी

घरचा संगणक बिघडला की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं. व्हायरस असेल, नाहीतर विंडोज उडालं असेल, नाहीतर पोरांनी कसले तरी गेम टाकले असतील. औषधही ठरलेलं. फॉरमॅट मारा! ताप, मुरगळ आणि दाढदुखी या तिन्हींवर एकच गोळी देणाऱ्या डॉक्टरकडे आपण दुसऱ्यांदा जाणार नाही, पण संगणकाच्या बाबतीत मात्र आपण तेच औषध वर्षानुवर्षं घेतोय आणि वर पाचशे रुपयेही देतोय.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. मला विचाराल तर बंद पडणारा संगणक फार वाईट नाही. बंद पडला म्हणजे निदान कळलं तरी. वाईट तो, जो चालू राहतो, हसतमुख दिसतो आणि अधूनमधून आपण ठेवायला दिलेली गोष्ट किंचित बदलून परत देतो. रॅम खराब झाली की नेमकं हेच होतं. आणि हे ओळखायची सोय संगणकाच्या जन्मापासून ठाऊक असताना घरच्या संगणकातून ती काढून घेतली गेली, याचा मला गेल्या वर्षापासून फार राग आहे. तो राग कसा आला ते सांगतो.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. संगणक यायच्या आधीच्या शाखा ज्यांनी पाहिल्यात त्यांना आठवत असेल, संध्याकाळी रोजमेळ जुळल्याशिवाय कुणी घरी जात नसे. चार आण्यांचा फरक असला तरी बसायचं. खिशातून चार आणे टाकून मोकळं होऊ, असं नवीन लागलेला एखादा पोरगा म्हणायचाच आणि त्याला हेडक्लार्क जे काही सुनवायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रश्न चार आण्यांचा नसायचाच. चार आण्यांच्या मागे पाच हजारांची एक चूक इकडे आणि पाच हजार वजा चार आण्यांची दुसरी चूक तिकडे दडलेली असू शकते. एकमेकींना झाकणाऱ्या चुका सर्वात घातक. फरक शोधायच्या काही युक्त्याही होत्या. फरकाला नऊने भाग गेला, की कुणीतरी आकडे उलटे लिहिलेत, ५४ चे ४५ केलेत, असं समजून शोधायला लागायचं. (आजही भाजीवाल्याच्या हिशेबात फरक आला की माझं डोकं आधी नऊने भागतं. सवय.)

तर ही पार्श्वभूमी. आता संगणकाकडे येतो.

आमच्या डोंबिवलीच्या घरचा संगणक २०१९ साली सुटे भाग आणून जोडलेला. आठ जीबीची एकच रॅमची पट्टी. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालेलं होतं, त्यामुळे त्याआधीच सगळं एकदम उरकावं म्हणून मे महिन्यात दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठलं आणि लॅमिंग्टन रोडवरून एक नवी एसएसडी आणि आठ-आठ जीबीच्या दोन नव्या पट्ट्या घेऊन आलो. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेगाच्या, जोडीने विकलेल्या. जुनी पट्टी काढून कागदात गुंडाळून खणात ठेवली. जुनी हार्ड डिस्कही तशीच बाजूला ठेवली, कारण व्हाउचर दहा वर्षं फाडायचं नाही हा बँकेतला संस्कार. नव्या एसएसडीवर विंडोज ११ टाकलं, घरातले वीस-पंचवीस वर्षांचे फोटो, स्कॅन, आवाजाच्या फाइली सगळं तिच्यावर उतरवलं. संगणक वाऱ्यासारखा पळायला लागला. बायकोही म्हणाली, "चला, पैसे वसूल."

तिसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. ब्राउझरची एखादी खिडकी आपोआप मिटायची. मग एकदा निळा पडदा आला, मेमरी मॅनेजमेंट असं कारण लिहिलेला. दुसऱ्या दिवशी परत निळा पडदा, पण कारण पेज फॉल्ट. तिसऱ्यांदा आणखी तिसरंच काहीतरी लांबलचक नाव. एक झिप फाइल उघडताना ती खराब असल्याचा निरोप आला. तीच फाइल, त्याच डिस्कवरून, पाच मिनिटांनी परत उघडली तर बिनतक्रार उघडली.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोराला बोलावलं. गुणी मुलगा आहे, कष्टाळू आहे. दोन मिनिटं बघून म्हणाला, "काका, विंडोज नीट बसलेलं नाही. फॉरमॅट मारून देतो. आणि ती जुनी डिस्क पण साफ करून लावून टाकू, जागा वाढेल."

मी म्हटलं, "अरे, पण दर वेळी कारण वेगळं का येतंय?"

"विंडोजचं तसंच असतं काका."

इथेच मला ते पटेना. जुळत नसलेल्या खात्यात रोज वेगळा फरक येत असेल तर चूक एखाद्या नोंदीत नसते. बेरीज करणाऱ्यात असते! एखादा ड्रायव्हर खराब असेल तर तो दर वेळी साधारण त्याच ठिकाणी, त्याच नावाने पडेल. डिस्कवरची फाइल खराब असेल तर ती नेहमीच खराब निघेल, पाच मिनिटांनी सुधारणार नाही. आजाराचं नाव दर वेळी बदलतंय आणि तीच वस्तू एकदा खराब, एकदा चांगली दिसतेय, म्हणजे वस्तू आणि आपण यांच्या मधलं काहीतरी बिघडलंय. संगणकात ते मधलं म्हणजे रॅम. डिस्कवरून येणारं, डिस्ककडे जाणारं, पडद्यावर दिसणारं सगळं तिच्यातूनच जातं. आता विचार करा, अशा वेळी फॉरमॅट मारला असता तर काय झालं असतं? नवं विंडोजही त्याच खराब रॅममधून जाऊन डिस्कवर लिहिलं गेलं असतं. म्हणजे खराब पेनाने वही पुन्हा लिहून काढायची! आणि जुनी डिस्क साफ केली असती तर मूळ पावत्याही जाळल्यासारखं झालं असतं.

त्या पोराला मी दोष देत नाही. फॉरमॅट दोन तासांत होतो आणि त्याचे पैसे मिळतात. रात्रभर रॅम तपासत बसायचे पैसे त्याला कोण देणार? आपणच निदानाला किंमत देत नाही, फक्त औषधाला देतो.

रॅम म्हणजे आत काय असतं ते थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं नुसतंच तक्रारीचं वाटेल. आज आपण वापरतो त्या डीरॅमची कल्पना आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांची, १९६६ सालची. १९६८ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. एका बिटाला एक ट्रान्झिस्टर आणि एक अगदी चिमुकला कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर एक, नसला तर शून्य. म्हणजे कोट्यवधी इवल्याशा मडक्यांच्या रांगा समजा. भरलेलं मडकं एक, रिकामं मडकं शून्य. फक्त अडचण अशी की ही सगळी मडकी गळकी आहेत. भरून ठेवलं की झिरपायला सुरुवात. म्हणून संगणक दर काही मिलिसेकंदांनी प्रत्येक रांगेपाशी जाऊन भरलेली मडकी पुन्हा काठोकाठ भरतो. डीडीआर-४ मध्ये ६४ मिलिसेकंदांत सगळ्या रांगांची एक फेरी व्हावीच लागते. आपण चहा ढवळेपर्यंत अशा शंभरएक फेऱ्या होऊन जातात. एखादं मडकं इतरांपेक्षा जास्त गळकं निघालं तर फेरी येईपर्यंत ते रिकामं होतं आणि एकाचा शून्य होतो. उन्हाळ्यात गळती वाढते, म्हणजे खरोखरच वाढते. तापमान चढलं की कपॅसिटरमधला भार लवकर ओसरतो, म्हणून चिप ८५ अंशांच्या वर गेली तर ही भरायची फेरी दुप्पट वेळा घालावी लागते. हे सगळं इतक्या बिनबोभाट चालतं हाच मुळात चमत्कार आहे. मला मेमरीच्या कारखान्यांबद्दल आदरच आहे. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे, तो पुढे.

तपासणीला लागलो. विंडोजबरोबर मेमरी तपासायचं एक साधन येतं, ते चालवलं. त्याने दोन फेऱ्या करून सगळं उत्तम असल्याचा दाखला दिला. हा दाखला फार मनावर घेऊ नये. थोड्या वेळाची तपासणी ठळक बिघाड पकडते, अधूनमधून चुकणारा बिट तिच्या हातून निसटतो. मग मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवर टाकलं. हा फुकट मिळणारा कार्यक्रम विंडोज सुरू होण्याआधीच चालतो, त्यामुळे तपासणाऱ्यानेच जागा अडवून ठेवलीय असं फारसं होत नाही. मेमरीत ठरावीक नमुने लिहायचे, परत वाचायचे, जुळतात का बघायचं, मग उलटे नमुने, मग शेजारच्या रांगा खडबडवून पुन्हा तेच. म्हणजे अक्षरशः टॅली करणं. रात्री लावलं आणि झोपलो. पहिली फेरी स्वच्छ गेली होती. दुसऱ्या फेरीत, कॅबिनेट चांगलं तापल्यावर, लाल ओळी यायला लागल्या होत्या. सकाळी पाहिलं तर सगळ्या ओळी जवळजवळ एकाच पत्त्याच्या. लिहिलं होतं एक, वाचलं शून्य, आणि दर वेळी तोच बिट. सोळा जीबी म्हणजे सुमारे चौदा हजार कोटी मडकी, त्यातलं एक फुटकं!

पण एवढ्यावरून पट्टी खराब असं म्हणणंही घाईचं. पट्टी, स्लॉट, मदरबोर्ड, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, वेग, वीज, सगळेच संशयित. इथे एकच नियम उपयोगी पडतो, तो म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी बायोसमध्ये एक्सएमपी बंद केलं. पट्टीवर छापलेला मोठा वेग बऱ्याचदा हे चालू केल्यावरच मिळतो आणि सगळ्याच बोर्डांना तो झेपतो असं नाही. कित्येकांच्या चुका या एका गोष्टीने थांबतात. माझ्या थांबल्या नाहीत. मग एकेक पट्टी, एकेका स्लॉटमध्ये. पहिली नवी पट्टी दोन्ही स्लॉटमध्ये पास. दुसरी दोन्हीकडे नापास. खणातली जुनी पट्टी दोन्हीकडे पास. प्रत्येकाला एकेक रात्र किंवा दिवस दिला, त्यात जवळजवळ आठवडा गेला. मधल्या काळात कुणीतरी सोन्याचे संपर्क खोडरबराने घासायला सांगितलं. हसू नका, हा आपला देशी उपाय पुष्कळदा लागू पडतो, कारण जुन्या पट्टीवर मळ बसलेला असतो किंवा ती नीट बसलेली नसते आणि काढून-घालूनच अर्धं काम होतं. पण ही पट्टी कोरी करकरीत. तरीही घासली. नापास ती नापासच.

दुकानात घेऊन गेलो. काउंटरवरच्या माणसाने ती एका मशीनला लावली, पडद्यावर आठ जीबी दिसले, विंडोज सुरू झालं. "चालतीय ना सर?" मी लाल पडद्याचे फोटो दाखवले. तो म्हणाला, असल्या सॉफ्टवेअरवर कंपनी विश्वास ठेवत नाही. मग मी तिथेच स्टुलावर बसलो आणि त्यांनाच पेनड्राइव्ह लावायला सांगितलं. दीड तासाने लाल ओळ आली. मग मात्र पट्टी घेतली गेली, तीन आठवड्यांनी बदलून मिळाली. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या कुठल्याही दुकानात साधारण हेच झालं असतं. "दिसते" म्हणजे "चालते" ही तिथली व्याख्याच आहे. जुने संगणक सुरू होताना मेमरी मोजल्याचा आकडा वर-वर चढताना दिसायचा, आठवतंय का? त्यात मोजणीबरोबर थोडीफार तपासणीही होत असे. आजच्या एवढ्या मेमरीची तशी पूर्ण तपासणी दर वेळी करायची तर चहाच काय, जेवणही होईल. म्हणून आता फक्त हजेरी घेतात. हजर आहे, पण शुद्धीवर आहे का, ते कुणी विचारत नाही.

आता खरा मुद्दा. फोटोंचं काय झालं?

एसएसडीवर उतरवलेल्या सगळ्या फाइली याच रॅममधून गेल्या होत्या. जुन्या पट्टीवर संगणक चालवून मी जुन्या डिस्कवरची प्रत्येक फाइल नव्या प्रतीशी बाइटन् बाइट ताडून पाहिली. अडतीस हजारांच्या आसपास फाइली. संगणकच ताडतो, पण दोन दिवस लागले. तेवीस फाइली वेगळ्या निघाल्या. तेवीस म्हणजे काहीच नाही, असं कुणी म्हणेल. पण त्या तेवीसमध्ये एकीचाही आकार बदललेला नव्हता, तारीख बदललेली नव्हती, नाव बदललेलं नव्हतं. संगणकाने कॉपी पूर्ण झाल्याचं सांगितलं होतं आणि माझ्याकडे शंका घ्यायला कारणच नव्हतं. चार फोटो उघडल्यावर दिसत होतं की काहीतरी गेलं: माझ्या आईवडलांच्या लग्नाचा स्कॅन केलेला फोटो अर्ध्यापर्यंत ठीक आणि मंगलाष्टकांच्या अंतरपाटापासून खाली सगळा जांभळा. उरलेल्या फाइली डोळ्यांना मुळीच कळत नव्हत्या. त्यात एक साध्या मजकुराची फाइल होती, आमच्या सोसायटीच्या एका जुन्या वर्षाच्या वर्गणीची. एका फ्लॅटसमोर १८०० च्या जागी १००० झाले होते. संगणकाच्या लेखी ८ आणि ० या अक्षरांत एकाच बिटाचा फरक असतो. सेक्रेटरीने ती फाइल काढून एखाद्याला आठशे रुपये कमी भरल्याची नोटीस दिली असती आणि तो बिचारा पावती शोधत बसला असता.

जुनी डिस्क होती म्हणून हे कळलं आणि दुरुस्त झालं. यावर सगळे जाणकार एकसुरात म्हणतील की म्हणूनच बॅकअप घ्यावा. घ्यावाच. पण बॅकअप हा नक्कल करणारा कारकून आहे, तपासनीस नव्हे. बिघडलेली फाइल तो तितक्याच निष्ठेने उतरवून घेतो, आणि जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय नसेल तर चांगल्या प्रतीवर बिघडलेली प्रत प्रेमाने बसवून टाकतो.

ताळ्याची सोय मात्र फार जुनी आहे. सर्वात साधी म्हणजे पॅरिटी. इस्त्रीवाला कपडे नेताना वहीत नग लिहून ठेवतो ना, तसंच. आठ बिटांबरोबर नववा बिट ठेवायचा आणि एकांची संख्या सम की विषम एवढं त्यात लिहायचं. वाचताना जुळलं नाही तर थांबायचं. १९८१ साली आलेल्या पहिल्या आयबीएम पीसीमध्ये ही सोय होती, घरच्या-ऑफिसच्या साध्या पीसीमध्ये! तिची मर्यादा बँकवाल्याला लगेच कळते. दोन चुका एकदम झाल्या की ताळा जुळतो. शिवाय चूक आहे हे कळतं, कुठे आहे हे नाही. त्यापुढचं पाऊल बेल लॅब्जच्या रिचर्ड हॅमिंग यांनी टाकलं आणि तेही पीसीच्या कितीतरी आधी. शनिवार-रविवारी त्यांची गणितं तिथल्या रिलेच्या यंत्रावर चालत. यंत्राला चूक कळली की ते गणित सोडून पुढच्याकडे जाई आणि सोमवारी येऊन बघावं तर काहीच झालेलं नसे. वैतागून त्यांनी विचार केला की यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये? त्यातून १९५० साली प्रसिद्ध झालेली चूक सुधारणारी संकेतपद्धती आली. आजच्या ईसीसी मेमरीत तोच वंश आहे. ६४ बिटांबरोबर ८ जादा बिट, म्हणजे पट्टीवर आठ चिपांच्या जागी नऊ. एक बिट चुकला तर जागच्या जागी दुरुस्त आणि नोंदही ठेवली जाते. दोन चुकले तर निदान आरडाओरडा होतो. माझ्या पट्टीतलं ते एक फुटकं मडकं ईसीसीने पहिल्याच दिवशी पकडलं असतं.

मग ती घरच्या संगणकात का नाही? कारण नव्वदच्या दशकात किमतींची चढाओढ लागली तेव्हा नववी चिप आधी गेली. गिऱ्हाइकाला मेगाबाइट दिसतात, ताळा दिसत नाही. पुढे ईसीसी हा सर्व्हरवाल्यांचा खास माल झाला आणि कंपन्यांना ते सोयीचंच पडलं, जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी वेगळा प्रोसेसर, वेगळा बोर्ड. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी जानेवारी २०२१ मध्ये यावरून इंटेलला जाहीरपणे झोडपलं होतं. त्यांची भाषा सौम्य नसते, पण मुद्दा मला शंभर टक्के पटतो. इंटेलचे घरगुती प्रोसेसर बहुतेक वेळा ईसीसी चालू देत नाहीत, आणि देतात तेव्हा वर्कस्टेशनचा महागडा बोर्ड लागतो. एएमडीच्या बऱ्याच रायझेन प्रोसेसरांना ती चालते, पण बोर्डाने साथ दिली तर. म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतः खोदकाम करायचं.

कुणी म्हणेल, अहो, अशी चूक लाखात एखाद्याला. गूगलच्या हजारो सर्व्हरांवर अडीच वर्षं नजर ठेवून केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये निदान एक चूक नोंदली गेली आणि अवकाशातून येणाऱ्या किरणांसारख्या क्षणिक कारणांपेक्षा खुद्द चिपांमधल्या कायमच्या बिघाडांचाच वाटा मोठा दिसला. सर्व्हर रात्रंदिवस राबतात, घरचा संगणक नाही, हे मान्य. पण सर्व्हरमध्ये चूक मोजली तरी जाते. घरी मोजणाराच नाही, त्यामुळे घरची आकडेवारी शून्य. ज्या शाखेत टॅली करत नाहीत तिथे फरक कधीच निघत नाही, तसं.

बेल्जियममधली गोष्ट तर बँकवाल्यांनी जपून ठेवावी अशी आहे. मे २००३ च्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्कारबेकमध्ये एका उमेदवार बाईंना शक्यच नाहीत इतकी मतं पडली. यंत्रातल्या मतांची पुन्हा मोजणी केली तर बरोबर ४०९६ मतं जास्त होती. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात एकच बिट उलटलेला. आमचा नऊने भागायचा नियम होता ना, संगणकाचा नियम हा, की फरक दोनाच्या घातात आला तर बिट शोधा. ती चूक सापडली, कारण मतं अशक्य होती. मोठ्या यादीतल्या एखाद्या बिटाने फरक फक्त चार मतांचा पडला असता तर?

नव्या डीडीआर-५ मेमरीत चिपच्या आतच ईसीसी असते आणि जाहिरातीत ते मोठ्याने सांगतात. चांगलं आहे. पण ते चिपच्या पोटातल्या चुका झाकून घेण्यापुरतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर ताळा नाही, आणि पोटात किती चुका सुधारल्या हे साधारणपणे आपल्या संगणकाला कळवलंही जात नाही. खरी ईसीसी डीडीआर-५ मध्येही वेगळीच घ्यावी लागते.

हे आज लिहायचं कारण म्हणजे भाव. २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती भडकल्या, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रूशियल हा घरगुती गिऱ्हाइकांचा व्यवसायच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्या डेटा सेंटरांमधल्या सर्व्हरांना ताळ्याची मेमरी असते बरं का. आपल्या वाट्याला बिनताळ्याची, तीही महाग, आणि महाग म्हणून लोक आता जुन्या काढलेल्या पट्ट्या शोधायला लागलेत. माझ्या भाच्याने परवा फोन केला, "मामा, एक जण सोळा जीबीची जुनी पट्टी स्वस्तात देतोय, घेऊ का?" मी त्याला म्हटलं, घे, पण मेमटेस्ट रात्रभर चालवून, सगळ्या फेऱ्या स्वच्छ आल्यावर पैसे दे. आणि त्या पट्टीवर पहिला आठवडा एकही फोटो हलवू नकोस.

मी स्वतः पुढचा संगणक ईसीसीचा जोडणार आहे. एएमडीचा बोर्ड शोधून ठेवलाय. लॅमिंग्टन रोडवर दोन ठिकाणी ईसीसी पट्टीचा भाव विचारला. एकाने मागवून देतो म्हणून सांगितलं, पंधरा दिवस लागतील. दुसरा म्हणाला, "सर, ती सर्व्हरला लागते. घरी कशाला?" त्याला सोसायटीच्या वर्गणीची गोष्ट सांगितली. त्याने ऐकून घेतली आणि नेहमीच्या पट्ट्यांचा भाव सांगितला.